टाकी नसलेलं घर

पहाटे 4.30
गजर होतो, पण मी ताडकन उभी राहत नाही. मिनिटभर पलंगाच्या कडेला बसते. उभं राहिलं की अर्धा-पाऊण लिटर रक्त पोटात आणि पायांत उतरतं. मानेतल्या धमन्यांत दाबावर लक्ष ठेवणाऱ्या चेतातंतूंना ते कळतं आणि हृदयाचे ठोके वाढतात. शरीरक्रियाशास्त्र शिकवते, निदान एवढं तरी पाळावं.

5.00
विरारात पाणी आलं की आधी पंप, मग चहा. टाकी भरली की दिवसाची चिंता मिटते. मेंदूला मात्र टाकीच नाही. वजन शरीराच्या जेमतेम 2 टक्के, पण मिनिटाला पाऊण लिटर रक्त लागतं. पुरवठा पूर्ण थांबला तर दहाएक सेकंदांत शुद्ध हरपते.

6.20
लोकलमधला बायकांचा डबा खच्चून भरलेला. नायगाव गेल्यावर शेजारची मुलगी पुटपुटली, “ताई, डोळ्यांपुढे अंधारी येतेय.” चेहरा पांढराफटक.
“धरा तिला, पडेल!”
“उभी धरू नका, आडवी करा!” मी ओरडले.
चौथ्या सीटसकट अख्खं बाक रिकामं झालं. तिचे पाय कुणीतरी मांडीवर घेतले. भाईंदरची खाडी संपेपर्यंत तिने डोळे उघडले होते.

उकाड्यात ताटकळलं की रक्त पायांत साचतं, दाब घसरतो. घसरला की मेंदूतल्या बारीक धमन्या रुंदावतात, वाढला की आकसतात. पाणी सोडणाऱ्या माणसाने व्हॉल्व्ह फिरवावा तशा. सरासरी दाब 60 ते 150 असेपर्यंत प्रवाह जवळपास सारखा राहतो, असं डेन्मार्कच्या नील्स लासेन यांनी 1959 मध्ये मांडलं. आज हा पट्टा त्याहून अरुंद मानतात. पण व्हॉल्व्ह पूर्ण उघडल्यावर आणखी काय उघडणार? मग माणूस कोसळतो. आडवं झालं की डोकं हृदयाच्या पातळीवर येतं, रक्ताला चढ उरत नाही. आपण प्रेमाने उभं धरून ठेवतो, तिथेच चुकतो.
उतरताना तिला सांगितलं, “उभी असलीस की पोटऱ्या आवळत-सोडत राहा. साचलेलं रक्त वर ढकललं जातं.”

11.00
वर्गात मुलांना म्हटलं, “भराभर श्वास घ्या.” काही सेकंदांतच दोघांनी बाक धरलं. सगळे चक्रावले: हवा जास्त, मग चक्कर का? कारण कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि तो कमी झाला की मेंदूतल्या धमन्या आवळतात. ज्याला आपण टाकाऊ वायू म्हणतो, त्याच्याच हातात हा व्हॉल्व्ह.

रात्री 9.30
आईचं बीपी फार वर्षांचं. अशांच्या धमन्यांना चढ्या दाबाची सवय होते आणि तो पट्टाच वर सरकतो. म्हणून मला चालणारा दाब तिला कमी पडू शकतो. गोळीही डॉक्टर बेताबेताने वाढवतात.
“आई, आधी बस. मग उठ.”
ती कडेला बसते, पाय खाली सोडते, घड्याळाकडे बघते.
“झालं का गं तुझं मिनिट?”