पत पेठेतली, नोंद यंत्रातली

वरवट बकाल हे बुलढाणा जिल्ह्यातील संग्रामपूर तालुक्याचे बाजाराचे गाव. त्याच्या नावातील दुसरा शब्द आमच्या व्यापारी वाचकांना परका वाटू नये. अरबी आणि उर्दूत ‘बक्काल’ म्हणजे धान्य, भाजीपाला विकणारा दुकानदार. मराठीत मात्र ‘बकाल’ म्हटले की अस्ताव्यस्त, गलिच्छ वस्ती डोळ्यांपुढे येते. गावाच्या नावाची व्युत्पत्ती हा आजचा विषय नव्हे. परंतु एका भाषेतून दुसऱ्या भाषेत, एका वहीतून दुसऱ्या वहीत जाताना नावाचे काय होते, हा आज प्रत्येक दुकानदाराचा आणि कारागिराचा रोकडा प्रश्न झाला आहे. बँकेचे खाते, जीएसटीची नोंदणी, मालाचे पैसे, कर्जाचा अर्ज हे सारे आता नावाच्या एकेका अक्षरावर अडते.

पूर्वी अशा पेठेत माणसाची ओळख कागदावर नसे. तो कोणाचा मुलगा, कोणत्या गल्लीतला, त्याच्या बापाने उधारी कशी फेडली, एवढ्यावर माल मिळे. बागवान, मणियार, अत्तार, तांबोळी, पिंजारी, शिकलगार ही नावे म्हणजे धंद्याची पाटीच. कापूस विकला की पैसे देतो, असे शेतकऱ्याने सांगितले आणि दुकानदाराने वहीत ओळ लिहिली की व्यवहार पुरा. ही ओळख गावाबाहेर फारशी चालत नसे, हे खरे. अकोल्याला किंवा खामगावला नवा व्यापारी गाठायचा तर मध्ये कोणाची तरी हमी लागे. त्या पद्धतीतही अन्याय होता. ज्याच्यासाठी शब्द टाकणारा कोणी नाही तो गरीब तसाच राहून जाई. म्हणून जुने ते सारे सोने असे आम्ही म्हणणार नाही. फरक एवढाच की ती वही कोणाकडे आहे हे ठाऊक असे आणि चूक असेल तर गल्ल्यावर जाऊन भांडता येत असे.

नवी वही महाराष्ट्रातच उघडली गेली. २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या आदिवासी गावात तत्कालीन पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांच्या उपस्थितीत देशातील पहिले आधार क्रमांक देण्यात आले. ज्याच्याजवळ कसलाच कागद नाही त्याला ओळख मिळावी, हा हेतू सांगितला गेला आणि तो चांगलाच होता. पण बारा आकड्यांच्या या क्रमांकामागे नाव उभे असते आणि आमच्या भागात गाडी नेमकी तिथेच रुतते.

विदर्भ-मराठवाड्यात आपल्याकडे नाव लिहिण्याची रीत वेगळी. समजा, एखाद्याचे नाव आहे शेख रहीम शेख करीम. यात आडनाव कोणते? फॉर्मवर तीन रकाने असतात : नाव, मधले नाव, आडनाव. एका ऑपरेटरने ‘शेख’ आडनाव धरले, दुसऱ्याने ‘करीम’, तिसऱ्याने सगळे पहिल्याच रकान्यात कोंबले. मग इंग्रजी स्पेलिंग. ‘शेख’ कोणी एस, एच, ए, आय, के, एच असे लिहितो, कोणी ‘ए, आय’च्या जागी दोन ‘ई’ घालतो, कोणी शेवटचा एच गाळतो. घरी उर्दूत एक अक्षर, शाळेच्या दाखल्यावर मराठीत दुसरे, पॅनकार्डावर इंग्रजीत तिसरे. आधार केंद्रावर बहुधा नाव इंग्रजीत टाइप होते आणि मराठी रूप यंत्र आपोआप तयार करते. ते तिथेच वाचून दुरुस्त करून घेतले नाही तर ‘शेख’चा ‘शैख’ होऊन कायमचा छापला जातो. माणूस एकच असतो. यंत्राला मात्र तो तीन माणसांसारखा दिसतो, कारण यंत्र चेहरा ओळखून ‘असू दे, आपलाच आहे’ असे म्हणत नाही.

याची किंमत काय पडते? पॅन आणि आधार जोडण्याची मुदत ३० जून २०२३ रोजी संपली. ज्यांची जोडणी झाली नाही त्यांचे पॅन १ जुलैपासून निष्क्रिय ठरले. दोन्ही कागदांवरची नावे जुळत नाहीत म्हणून जोडणी अडलेल्यांत आपल्या समाजाची नावे किती असतील, हे ज्याच्या त्याच्या मोहल्ल्यात विचारले तरी कळेल. शिवाय आधारवरील नाव सर्वसाधारणपणे आयुष्यात दोनदाच बदलता येते. तेव्हा घाईने, मिळेल त्या केंद्रावर, मिळेल त्या स्पेलिंगने दुरुस्ती करून संधी वाया घालवू नये. आधी घरातले सारे कागद समोर मांडावेत. शाळेचा दाखला, पॅन, पासबुक, असल्यास पासपोर्ट. त्यांतील कोणते स्पेलिंग कायम ठेवायचे ते ठरवावे आणि मुलांच्या दाखल्यांतही तेच चालवावे. आणखी एक गैरसमज दूर केला पाहिजे. आधार हा नागरिकत्वाचा पुरावा नाही आणि जन्मतारखेचाही नाही. जन्माचा दाखला आणि शाळेचा दाखला यांची जागा आधार घेऊ शकत नाही. ‘आधार आहे ना’ म्हणून जुने कागद पेटीत कुजू देणे महागात पडेल.

कारागिरांचा प्रश्न याहून बोटाशी आलेला आहे. पिंजाऱ्याची, गवंड्याची, सहाणेवर पाते घासणाऱ्याची, वेल्डिंग करणाऱ्याची बोटे झिजलेली असतात. रेशन दुकानातील यंत्रावर किंवा बँकेच्या ग्राहक सेवा केंद्रात अंगठा उमटत नाही. ज्या हातांनी आयुष्यभर काम केले त्याच हातांना यंत्र ‘ओळख पटली नाही’ म्हणते. यावर डोळ्याच्या बाहुलीची, चेहऱ्याची किंवा मोबाइलवर येणाऱ्या ओटीपीची सोय आहे. पण ओटीपीसाठी आपलाच मोबाइल नंबर आधारला जोडलेला हवा. पुतण्याचा किंवा सिम विकणाऱ्याचा नंबर तिथे असेल तर ती सोय आपली नव्हे, त्याची झाली.

अंगठ्याला दुसरीही बाजू आहे. तेलंगणासह काही राज्यांत नोंदणी दस्तांवरील अंगठ्यांचे ठसे उचलून त्यांच्या नकला केल्याची प्रकरणे पोलिसांनी उघडकीस आणली. अशा नकली ठशांनी खात्यातून परस्पर पैसे काढले गेल्याच्या तक्रारीही देशात झाल्या आहेत. संकेतशब्द चोरीला गेला तर बदलता येतो, अंगठा कुठून बदलायचा? यासाठी आधारच्या संकेतस्थळावर किंवा मोबाइल ॲपवर ठसे ‘लॉक’ करण्याची मोफत सोय आहे. गरज पडेल तेव्हा थोड्या वेळापुरते उघडता येतात. ही सोय वापरणारे व्यापारी आम्हाला फार थोडे भेटतात.

आता गल्ल्याकडे वळू. यूपीआय २०१६ मध्ये सुरू झाले आणि काही वर्षांत चहाच्या टपरीपासून बांगड्यांच्या हातगाडीपर्यंत चौकोनी ठिपक्यांचा तो कागद लागला. सुट्ट्या पैशांची कटकट गेली, खोट्या नोटेची भीती गेली. परंतु रोख पैसा बोलत नाही, यूपीआयचा प्रत्येक रुपया तारीख-वेळेसह बोलतो. शेजारच्या कर्नाटकात जुलै २०२५ मध्ये हे सर्वांना कळले. तेथील वाणिज्य कर खात्याने मागील काही वर्षांत यूपीआयने जमा झालेल्या रकमा पाहून हजारो लहान दुकानदारांना जीएसटीच्या नोटिसा धाडल्या. त्यांत ज्यांच्या मालावर करच नाही असे भाजीवालेही होते. अनेकांनी कोड काढून ‘फक्त रोख’ अशा पाट्या लावल्या, बंदची हाक दिली गेली. शेवटी जुनी बाकी वसूल केली जाणार नाही, मात्र नोंदणी करावी, असे मुख्यमंत्र्यांना सांगावे लागले.

आमच्या मते पाट्या बदलणे हा इलाज नव्हे. कर लागू असेल तो भरावाच. पण यंत्राला आपल्याविषयी काय दिसते हे आपण आधी पाहिले पाहिजे. मेहुण्याने घरासाठी पाठवलेले पैसे, लग्नाच्या आहेराचे, भिशीचे पैसे हे सारे दुकानाच्याच कोडवर आले तर नोंदीत ते विक्रीसारखे दिसतात. महाराष्ट्रात मालाच्या विक्रीला वर्षाला ४० लाख आणि सेवेला २० लाख रुपये ही नोंदणीची साधारण मर्यादा आहे. केवळ ताजी फळे-भाजी विकणाऱ्या बागवानाला नोंदणीची गरज पडत नाही, पण माल कोणता होता हे सांगणारे खरेदीचे कागद त्याच्याजवळ हवेत. दुकानाचे खाते वेगळे, घरचे वेगळे, एवढे केले तरी निम्मी डोकेदुखी टळते.

याहून जिव्हारी लागणारा प्रकार म्हणजे खाते गोठणे. कुठल्यातरी राज्यात कोणाची फसवणूक होते, तो १९३० या क्रमांकावर तक्रार करतो. चोरीचा पैसा ज्या-ज्या खात्यांतून फिरला ती खाती एकामागून एक अडवली जातात. त्या पैशांतून कोणी तुमच्याकडून मोबाइल घेतला असेल, बकरा घेतला असेल, तर तुमचेही खाते त्या साखळीत येते. चोराची आणि तुमची ओळख नाही, पण यंत्राच्या वहीत दोघांची नावे एका ओळीत येतात. २०२३ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने अशा प्रकरणी सबंध खाते नव्हे, तक्रारीतील वादग्रस्त रकमेपुरतीच अडवणूक ठेवावी, असे बँकांना बजावले. आपल्यावर वेळ आली तर बँकेकडून तक्रार क्रमांक आणि कोणत्या ठाण्याची तक्रार आहे हे लेखी मागावे. विक्रीची पावती जोडून बँकेला आणि त्या ठाण्याला अर्ज द्यावा आणि याच निकालाचा उल्लेख करावा. पावतीच नसेल तर बोलणार कशाच्या जोरावर? अनोळखी गिऱ्हाइकाने मोठी रक्कम पाठवून ‘चुकून जास्त आले, बाकी रोख परत द्या’ म्हटले तर तो व्यवहार करूच नये.

हे झाले आपल्या नोंदीचे. पण दुकानदाराकडेही दुसऱ्यांच्या नोंदी असतात, आणि याविषयी आपल्याकडे बेफिकिरी फार आहे. सिमकार्ड विकणारे, झेरॉक्सवाले, लॉजवाले, जुनी मोटारसायकल किंवा मोबाइल घेणारे यांच्या काउंटरवर लोकांच्या आधारच्या प्रती पडलेल्या असतात. रद्दीत गेलेल्या अशा प्रतीत भजी बांधून मिळाली तर नवल नाही. उधारीची वही आपल्या वाडवडिलांनी कशी सांभाळली ते आठवावे. देणे-घेणे लिहून ठेवण्याची शिकवण आपल्या वाचकांना नवी नाही, तशीच एका गिऱ्हाइकाचे पान दुसऱ्याला न दाखवण्याची रीतही नवी नाही. आता तीच उधारी खाताबुक, ओकेक्रेडिट यांसारख्या ॲपवर जाते आणि सातपुड्याच्या पायथ्याच्या खेड्यातील आदिवासी गिऱ्हाइकाचे नाव, नंबर, बाकी हे सारे तिसऱ्याच्या यंत्रात जमा होते. ॲप वापरू नये असे आम्ही सुचवत नाही. पण ते फोनमधील सगळे नंबर, फोटो वाचण्याची परवानगी मागत असेल तर ‘होय’चे बटण दाबण्यापूर्वी विचार व्हावा. ते नंबर आपले नाहीत, लोकांची अमानत आहेत. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर थकबाकीदारांची यादी फिरवणे तर सरळ बदनामीच होय.

कायदाही याच दिशेने चालला आहे. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने खासगीपण हा मूलभूत हक्क ठरवला. २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात बँक खाते आणि मोबाइल सिमला आधार जोडण्याची सक्ती न्यायालयाने रद्द केली. लोकांच्या माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर झाले आणि त्यातील बंधने टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. हे सारे मोठ्या कंपन्यांसाठीच आहे असे समजू नये. ओळखीसाठी प्रत घ्यायचीच तर पहिले आठ आकडे झाकलेले ‘मास्क’ आधार घ्यावे, देतानाही तेच द्यावे. प्रतीवर तारीख आणि कारण लिहावे. काम संपताच ती फाडावी.

राहिला सामायिक माहितीचा प्रश्न. १८७० मध्ये खामगावला रेल्वेचा फाटा आला आणि तारेमुळे कापसाचे लिव्हरपूलचे भाव वऱ्हाडच्या पेठेत पोहोचू लागले. ते ज्याला आधी कळत त्याचा फायदा होई, शेतकऱ्याला शेवटी कळत. आज सरकारी संकेतस्थळावर आणि एप्रिल २०१६ मध्ये सुरू झालेल्या ई-नामवर भाव कोणालाही पाहता येतो, ही लहान व्यापाऱ्याला आणि शेतकऱ्याला मिळालेली खरी बरकत आहे. पण माहितीची दुसरी वाट उलटी वाहते. कोणत्या गावात काय खपते, कोण कधी खरेदी करतो, हे पूर्वी फक्त पेठेतील दुकानदाराला ठाऊक असे. तीच त्याची पुंजी होती. आता ते ऑनलाइन विक्रीच्या कंपन्यांना आणि ॲप चालवणाऱ्यांना त्याच्याआधी कळते.

पेठेत एक जुनी गोष्ट मात्र अजून शिल्लक आहे, ती म्हणजे एकाला बसलेला फटका दुसऱ्याला सांगणे. वरवट बकाल, सोनाळा, जळगाव जामोद, शेगाव येथील दुकानदारांनी नाव जुळवणे, ठसे लॉक करणे, वेगळे खाते काढणे ही कामे एकेकट्याने न करता मिळून करावीत. फॉर्म भरू शकणारी शिकलेली मुले आज प्रत्येक मोहल्ल्यात आहेत. दुपारच्या मंदीच्या वेळी त्यांना दुकानात बसवून दहा-बारा जणांचे कागद एकत्र तपासता येतील. मात्र हे नवा कापूस बाजारात येण्याआधी झाले पाहिजे, कारण एकदा हंगाम सुरू झाला की गल्ला सोडून केंद्राच्या रांगेत उभे राहायला कोणालाच फुरसत नसते.