पडद्यावरचं लखनौ: रूमी दरवाजाच्या पलीकडची घरं

लखनौमध्ये सिनेमाच्या जागा दाखव म्हटलं की ई-रिक्षावाला तुम्हाला पहिल्यांदा रूमी दरवाजाखाली उभं करतो. मग बडा इमामबाडा, हुसैनाबादचं घंटाघर, रेसिडेन्सी, ला मार्टिनियर आणि संध्याकाळी हजरतगंज. अर्ध्या दिवसात शहर उरकतं. या वास्तूंचं मोल मी कमी करत नाही. १७८४च्या दुष्काळात लोकांच्या हाताला काम मिळावं म्हणून आसफउद्दौल्याने इमामबाडा बांधायला काढला आणि त्याच्या पन्नास मीटर लांबीच्या दालनाला मध्ये एकही खांब नाही, हे या अंकाच्या वाचकांना मी वेगळं सांगायला नको. पण ज्या सिनेमांनी लखनौ खरोखर पाहिलं, त्यांनी ते घरांत पाहिलं. ड्योढी, अंगण, चिकाचा पडदा, पानदानाशेजारी बसलेली म्हातारी, आणि या सगळ्यांतून वाहणारी ती बोली. ही गोष्ट मी फिल्म सोसायटीच्या दिवसांपासून सांगत आलो आहे आणि आजही माझं मत तसूभर बदललेलं नाही.

‘चौदहवीं का चाँद’ (१९६०), ‘मेरे मेहबूब’ (१९६३), ‘पालकी’ (१९६७), ‘मेरे हुजूर’ (१९६८) या पठडीबद्दल फार लिहीत नाही. गाणी अजरामर आहेत. ‘मेरे मेहबूब’ला संगीत देणारे नौशाद तर लखनौचेच. पण ते लखनौ मुंबईच्या स्टुडिओत उभं राहिलं. झुंबर, जाळी, शेरवानी आणि बुरख्यातल्या डोळ्यांवर बेतलेला गैरसमज, एवढ्या सामानावर दहा वर्षं काढली गेली. हाच अवधी सिनेमाचा सुवर्णकाळ, असं आमच्यातले काही जाणकार आजही छातीठोकपणे लिहितात. त्यांनी एकदा सांगावं, की या चारांपैकी कोणत्या सिनेमातलं घर पाहून त्यात कोण राहतं, भाडं कोण भरतं, चूल कुठे पेटते हे कळतं? दिवाणखान्याच्या पलीकडे ती घरं नाहीतच.

यावर ते लगेच सत्यजित राय यांचं नाव पुढे करतात. ‘शतरंज के खिलाडी’ (१९७७)चा बराचसा भाग कोलकात्याच्या स्टुडिओत झाला, मग तो तुम्हाला कसा चालतो, हा त्यांचा आवडता प्रश्न. प्रश्न रास्त आहे. उत्तर बन्सी चंद्रगुप्त यांच्या नेपथ्यात आहेच, त्याहून जास्त ते माणसांत आहे. उर्दू संवाद शमा झैदी आणि जावेद सिद्दिकी यांचे. कथ्थक बिरजू महाराजांचा, म्हणजे ज्यांच्या पूर्वजांनी वाजिद अली शाहच्या दरबारात पायात घुंगरू बांधले त्यांचाच. नाचल्या शाश्वती सेन. राय यांचं आईकडचं नातं थेट लखनौच्या अतुलप्रसाद सेनांशी. त्यांच्या फेलूदा या गुप्तहेराची ‘बादशाही आंगटी’ ही कादंबरीही याच शहरात घडते, आणि ती कोलकात्याच्या खोलीत बसून कल्पनेने लिहिलेली वाटत नाही. प्रेमचंदांच्या कथेत शेवटी दोघे मित्र एकमेकांचा जीव घेतात. राय त्यांना जिवंत ठेवतात, पुन्हा डाव मांडायला लावतात. फेब्रुवारी १८५६मध्ये राज्य गेलं आणि हे दोघे पटाशी बसलेच आहेत. संजीवकुमार हुक्क्याची नळी ज्या सवयीने धरतात, ती सवय शहराकडून आलेली आहे. भिंत खोटी असली तरी बसणं खरं असेल तर मला ते लखनौ म्हणून मान्य आहे.

पुढच्याच वर्षी श्याम बेनेगल यांचा ‘जुनून’ आला. गोष्ट शाहजहाँपूरची, चित्रीकरण मलिहाबादकडचं. गोविंद निहलानींच्या कॅमेऱ्याने टिपलेली ती पडझड झालेली घरं आणि आमराया पाहाव्यात. मलिहाबाद लखनौच्या कडेला आहे. दशहरी आंब्यासाठी तिथे जाणारे पुष्कळ असतात, त्यांनी वाकडी वाट करून गावातल्या जुन्या कोठ्यांवरूनही एक फेरी मारावी.

आता माझ्या खऱ्या विषयाकडे येतो: मुझफ्फर अली. कोटवाऱ्याच्या तालुकदार घराण्यातला हा चित्रकार. ‘गमन’ (१९७८), ‘उमराव जान’ (१९८१) आणि ‘अंजुमन’ (१९८६) हे तिन्ही सिनेमे एकत्र पाहिले पाहिजेत असा माझा हट्ट आहे, आणि तिन्हींत फारुख शेख आहेत हा मला निव्वळ योगायोग वाटत नाही. ‘गमन’मध्ये ते मुंबईत टॅक्सी चालवतात आणि स्मिता पाटील अवधच्या खेड्यात वाट पाहत राहते. मुंबईवरची शहरयारांची ती गझल सुरेश वाडकरांच्या आवाजात, जयदेवांच्या चालीवर सगळ्यांनी ऐकली आहे. पण त्या गझलेतलं मुंबईचं एकटेपण कळायचं असेल तर दुसऱ्या टोकाचं ते अंगण पाहायला हवं. स्मिताने उंबऱ्याशी बसून जे केलं त्यात संवाद जवळपास नाहीत. आपल्या मराठी मुलीने अवधचं घर असं अंगाखांद्यावर वागवलं, याचा मला त्या वेळी झालेला आनंद आजही तसाच आहे.

‘उमराव जान’बद्दल बोलायचं तर लोक आधी रेखाबद्दल बोलतात. बोलू देत. मी खय्यामांबद्दल बोलेन. त्यांनी आशा भोसल्यांना नेहमीच्या पट्टीपेक्षा खाली गायला लावलं आणि आशाताईंचा आवाज अचानक त्या कोठ्यातल्या गालिच्यावर येऊन बसला. याच गाण्यांनी खय्यामांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. अलींनी जुन्या घरांतून कपडे, दागिने, भांडी जमवली. पडद्यावरच्या वस्तू वापरलेल्या दिसतात, कडा झिजलेल्या दिसतात. २००६मध्ये दुसरी ‘उमराव जान’ निघाली तेव्हा सगळं नवंकोरं होतं, आणि त्यातलं लखनौ बरंचसं राजस्थानात होतं. ती मी एकदाच पाहिली.

‘अंजुमन’ मात्र फार थोड्यांनी पाहिला. चिकनकारी करणाऱ्या बायकांचा हा सिनेमा. शबाना आझमी, रोहिणी हट्टंगडी, शौकत कैफी. काही गाणी शबानाने स्वतः गायली. चौकाच्या मागच्या गल्ल्यांत हे काम आजही चालतं. लाकडी ठशाने कापडावर कच्च्या निळ्या रंगाची वेलबुट्टी उमटवतात. मग कापड घरोघर जातं. एखादी बाई मुर्री आणि फंदा भरते, एखादी बखिया, आणि जाळीचा हात तर दुसरीचाच. जाळीत धागा ओढून काढत नाहीत, सुईने ताणे-बाणे बाजूला सारून बारीक भोकं पाडतात. शेवटी धोबी ते कापड खळाखळा धुतो, निळा रंग निघून जातो आणि पांढऱ्यावर पांढरं उरतं. हजरतगंजच्या दुकानातली किंमत आणि त्या गल्लीतली मजुरी यांच्यात किती अंतर असतं, तेच ‘अंजुमन’मध्ये सांगितलं आहे. आम्ही तो सोसायटीत दाखवला तेव्हा ‘हा माहितीपट झालाय’ अशी टीका झाली. असे माहितीपट आणखी शंभर निघाले असते तर बरं झालं असतं.

मी सांगतो ती फेरी कैसरबागेत पायी करायची. वाजिद अली शाहने १८४८ ते १८५०च्या दरम्यान उभारलेल्या या परिसरात सफेद बारादरी आहे. जवळच १९२६ साली आपल्या विष्णू नारायण भातखंड्यांनी ज्याचा पाया घातला ते संगीत महाविद्यालय, तेव्हाचं मॅरिस कॉलेज. तलत महमूद, रोशन, पहाडी सन्याल इथे शिकले. श्रीकृष्ण रातंजनकरांनी वर्षानुवर्षं ते चालवलं. लखनौचं गाणं हिंदी सिनेमात पोहोचलं त्यात या मराठी मंडळींचा हात किती मोठा, हे आपल्याकडच्या सिनेमाच्या इतिहासांत धड दोन ओळींतही येत नाही.

तिथून थोड्याच अंतरावर महमूदाबाद हाउस. ‘गुलाबो सिताबो’ (२०२०)मधला फातिमा महाल तो हाच. पटकथा लखनौच्याच जूही चतुर्वेदींची, दिग्दर्शन शुजित सरकार यांचं. हवेलीवर मालक, भाडेकरू, वकील आणि पुरातत्त्व खातं सगळेच टपलेले. महमूदाबादच्या घराण्याने आपल्या मालमत्तांसाठी शत्रू-मालमत्ता कायद्याशी किती वर्षं झुंज दिली हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हा सिनेमा नुसता विनोदी वाटणार नाही. २००५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला आणि २०१७च्या दुरुस्तीने तो निकाल निरुपयोगी केला. या सिनेमातली बेगम म्हणजे फर्रुख जाफर. १९६३च्या सुमारास लखनौ आकाशवाणीवर निवेदिका, १९८१मध्ये ‘उमराव जान’मधली आई, परतलेल्या मुलीला उराशी धरू पाहणारी पण ठेवून घेऊ न शकणारी. एकोणचाळीस वर्षांनी तीच बाई हवेलीची मालकीण झाली, आणि अमिताभ बच्चनसमोर तिने एकेक शब्द असा टाकला की बाकीचे उर्दू बोलण्याचा नुसता प्रयत्न करताहेत असं वाटावं. ऑक्टोबर २०२१मध्ये त्या गेल्या.

आज चित्रीकरण पूर्वीपेक्षा जास्त होतं, सरकारी अनुदानही मिळतं. पण लखनौला लखनौ म्हणून कोण बघतं? ‘गदर’ (२००१)मध्ये ते लाहोर झालं. ‘मुल्क’ (२०१८)मधल्या बनारसचा मोठा भाग इथेच चित्रित झाला. सिनेमा चांगला आहे, पण शहर पुसलं गेलं ते गेलंच. आपल्या वाईनेही हे सोसलं आहे. ‘गंगाजल’, ‘ओंकारा’, ‘दबंग’ यांत कृष्णाकाठ बिहार आणि उत्तर प्रदेश म्हणून खपला, आणि मेणवलीच्या घाटाला त्याचं स्वतःचं नाव क्वचितच मिळालं. आता तर प्रत्येक सिनेमात ड्रोन रूमी दरवाजावरून एक गिरकी घेतो आणि लगेच कथा एखाद्या सपाट खोलीत शिरते. संवादांतली बोली कानपूरची की मेरठची, कोणालाच पर्वा नाही. मेफेअर सिनेमा बंद पडला. त्याच इमारतीतलं राम अडवाणींचं पुस्तकांचं दुकानही त्यांच्या निधनानंतर, २०१६मध्ये, मिटलं. त्या दुकानात बसून मी अवधबद्दल जेवढं वाचलं तेवढं कुठल्याच ग्रंथालयात नाही.

पुण्यातलं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४पासून फिल्म जपतं. चित्रीकरणाच्या जागा नोंदवायचं काम मात्र कोणी अंगावर घेतलेलं मला दिसत नाही. कोणतं घर कोणत्या सिनेमासाठी दिलं, अंगणात तेव्हा काय होतं, कुठली गादी घरातली आणि कुठली भाड्याची, मलिहाबादला कोणाच्या आमराईत घोडे बांधले, चिकनचं काम दाखवणाऱ्या खऱ्या कारागीर बाया कोण होत्या. हे सांगणारी माणसं सत्तरी-ऐंशीत आहेत. आमच्या फिल्म सोसायट्यांत आज कॅमेरा आणि उत्साह दोन्ही असलेली मुलं आहेत. त्यांनी येत्या हिवाळ्यात तिकीट काढावं, कैसरबागेपासून सुरुवात करावी आणि रूमी दरवाजा शेवटच्या दिवसासाठी ठेवावा.