श्रवणाची तपश्चर्या : प्रज्ञाचक्षु श्रीगुलाबराव महाराज

विद्वान् मनुष्यास आपल्या भाषेंत 'बहुश्रुत' म्हणतात. 'बहुदृष्ट' असें कोणी म्हणत नाहीं. वेदांस 'श्रुति' हें नांव मिळालें तेंही याच अर्थानें. श्रवण, मनन आणि निदिध्यासन या तीन पायऱ्यांपैकीं पहिली पायरी कानाची आहे, डोळ्याची नव्हे. हे शब्द आपण नित्य उच्चारतों. परंतु ते अक्षरशः खरे असूं शकतात, पुस्तकाच्या एकाही पानावर दृष्टि न टाकतां मनुष्य शास्त्रांत पारंगत होऊं शकतो, हें आपल्या मनास सहसा पटत नाहीं. सव्वाशें वर्षांपूर्वीं वऱ्हाडांत असा एक पुरुष वावरत होता. त्याचें चरित्र वाचकांपुढें ठेवावें, आणि आपल्या घरांस त्यांतून घेण्याजोगें काय आहे याचाही थोडा विचार करावा, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

श्रीगुलाबराव महाराजांचा जन्म अमरावती जिल्ह्यांतील लोणी टाकळी या गांवीं, आजोळीं, शके १८०३ च्या आषाढ शुद्ध दशमीस, म्हणजे ६ जुलै १८८१ रोजीं झाला. कुळ मोहोडांचें, जात कुणबी, मूळ गांव माधान. वडिलांचें नांव गोंदुजी, आईचें अलोकाबाई. मूल अवघें नऊ महिन्यांचें असतांना डोळ्यांच्या विकारानें त्याची दृष्टि कायमची गेली. चवथ्या वर्षीं आईही गेली, आणि पुढील कांहीं वर्षें आजीच्या छायेंत काढावीं लागलीं. शेतकऱ्याच्या घरचें, आईवेगळें, अंध मूल! अशा मुलाच्या वांट्याला त्या काळीं काय येत असे, हें सांगावयास नको. फार तर एखादें भजन पाठ करावें, ओसरीवर बसावें, आणि कोणी हात धरून नेईल तेथें जावें.

त्या वेळची परिस्थिति नीट ध्यानांत घेतली पाहिजे. फ्रान्समध्यें लुई ब्रेलनें उठावाच्या ठिपक्यांची लिपि १८२९ सालींच प्रसिद्ध केली होती. परंतु आपल्या देशांत अंधांची पहिली शाळा निघाली ती १८८७ सालीं, दूर अमृतसर येथें. भारतीय भाषांसाठीं एकच समान ब्रेल लिपि ठरली ती १९५१ सालीं, म्हणजे महाराजांच्या मागें छत्तीस वर्षांनीं. तेव्हां माधानच्या या मुलास ना शाळा होती, ना लिपि. त्यास होता तो केवळ कान, आणि त्या कानाशीं बसून वाचणारा दुसरा कोणी मनुष्य.

आम्हीं आयुष्याचा बहुतेक काळ मुलांस संस्कृत शिकविण्यांत घालविला. म्हणून या पद्धतीची कठिणता काय असते तें आम्हांस थोडें सांगतां येईल. डोळस विद्यार्थी अडला म्हणजे पान उलटून मागें जातो, समासाखालीं रेघ ओढतो, पुस्तकाच्या कडेला टीप लिहितो. ऐकणारास यांतलें कांहींच साध्य नाहीं. शिवाय संस्कृत ग्रंथ वाचून दाखविणाराची जबाबदारी मोठी. 'न तेन' असें तोडून वाचलें तर 'त्यानें नव्हे' असा अर्थ होतो. तीच अक्षरें 'नतेन' अशीं जोडून वाचलीं तर 'नम्र झालेल्यानें' असा होतो. वाचणारा एका ठिकाणीं चुकीचा थांबला कीं ऐकणाराचा सिद्धांतच उलटा व्हावा! ऐकणारानें ती चूक केवळ अन्वयावरून ओळखावयाची, वाचकास थांबवावयाचें, पुन्हां म्हणवून घ्यावयाचें, आणि मागील दहा पानें मनांत उघडीं ठेवून पुढील पान ऐकावयाचें. महाराजांनीं उपनिषदें, दर्शनें, पुराणें आणि संतवाङ्मय अशाच रीतीनें आत्मसात् केलें. 'प्रज्ञाचक्षु' ही पदवी आपल्याकडे अंध मनुष्यास सौजन्यानें दिली जाते; महाराजांच्या बाबतींत ती शब्दशः यथार्थ होती.

ऐकलेलें मनांत मुरलें म्हणजे ते सांगत आणि दुसरा लिहून घेई. या सांगण्यांतून सुमारें एकशें तीस लहानमोठे ग्रंथ निर्माण झाले. मराठी, संस्कृत, हिंदी, व्रज आणि वऱ्हाडी बोली इतक्या वाणींतून ते बोलले. 'साधुबोध', 'संप्रदायसुरतरु', 'प्रियलीलामहोत्सव', 'मानसायुर्वेद', संस्कृतांतील 'अंतर्विज्ञानसंहिता' हीं नुसतीं नांवें पाहिलीं तरी विषयांचा पल्ला कळून येतो. भक्ति, वेदांत, योग, वैद्यक, काव्य, व्याकरण, कशाचेंच त्यांना वावडें नव्हतें. त्यांनीं कांहीं रचना सूत्रपद्धतीनें केल्या, हेंही ध्यानांत घेण्याजोगें आहे. सूत्र हें मुळांत कानासाठींच घडविलेलें वाङ्मय. थोडक्यांत सांगावें, म्हणजे तें मनांत राहतें. ज्याची पोथी मनांतच ठेवावयाची होती, त्यास हा प्राचीन मार्ग जवळचा वाटला तर नवल काय?

येथें एका गोष्टीचा उल्लेख टाळणें आम्हांस प्रशस्त वाटत नाहीं. महाराज कुणबी होते, आणि त्यांच्या शिष्यवर्गांत ब्राह्मण होते. त्यांचे पट्टशिष्य बाबाजी महाराज पंडित हे ब्राह्मणच. महाराजांनीं रूढीविरुद्ध बंडाचा झेंडा उभारला असें नाहीं. शास्त्रमर्यादेचा ते आदरच करीत. पण ज्या घरांत पिढ्यानुपिढ्या पोथ्या होत्या त्या घरचीं माणसें, ज्याच्या घरीं पोथी नव्हती आणि ज्यास ती दिसतही नव्हती, अशा पुरुषाच्या पायांशीं बसून शास्त्रार्थ समजून घेऊं लागलीं, ही घटना कोणत्याही वादापेक्षां अधिक बोलकी आहे. आमच्या वर्गास विद्येचा अभिमान वाटतो, आणि तो सर्वस्वीं वावगा आहे असें आम्ही म्हणत नाहीं. तथापि तो अभिमान पोथीच्या मालकीचा आहे कीं तिच्या व्यासंगाचा, हा प्रश्न हें चरित्र आपणांस विचारतें. फडताळांत रेशमी रुमालांत बांधलेली पोथी आणि माधानच्या अंध तरुणाच्या मनांतील पोथी, या दोहोंपैकीं जिवंत कोणती?

आतां महाराजांच्या साधनेकडे वळूं. १९०१ सालीं श्रीज्ञानेश्वर महाराजांनीं आपणांस मांडीवर घेऊन मंत्र दिला, असा त्यांचा अनुभव. तेव्हांपासून ते स्वतःस ज्ञानेश्वरांची कन्या म्हणवीत, आणि श्रीकृष्णास पति मानीत. हा भाव त्यांनीं केवळ मनांत ठेविला नाहीं. कपाळीं कुंकूं आणि गळ्यांत मंगळसूत्र ते धारण करीत. ते स्वतः विवाहित, गृहस्थाश्रमी. तरी त्यांत त्यांस विसंगति वाटली नाहीं. कित्येक सुशिक्षित मंडळी महाराजांची विद्वत्ता वर्णितात आणि हा भाग हळूच गाळतात. आमच्या मतें हें योग्य नव्हे. ज्ञानेश्वरांच्या नांवावर असलेल्या विराण्या आणि गौळणी आपण घरोघर गातों. तेथें पुरुषानें स्त्रीच्या वाणीनें देवास आळविलेलें आपणांस खटकत नाहीं. गाण्यांत जें गोड वाटतें तें कोणी जगून दाखविलें म्हणजे मात्र आपण मान खालीं घालतों. मग त्या गाण्याचा अर्थ आपणांस कितपत कळला होता?

या भावामागें तत्त्वविचारही आहे, आणि महाराजांनीं त्यास 'मधुराद्वैत' असें नांव दिलें. शंका जुनीच आहे: सर्व कांहीं ब्रह्मच आहे असें एकदां कळलें, मग भक्ति कोणी कोणाची करावयाची? पुष्कळांच्या समजुतीनें भक्ति ही अज्ञानदशेंतील सोय. ज्ञान झालें कीं ती सुटावी. महाराजांचें म्हणणें निराळें. ज्ञानानें भक्ति संपत नाहीं, उलट निर्मळ होते. ज्ञानेश्वरांनीं 'अमृतानुभवा'च्या नवव्या प्रकरणांत ज्या अकृत्रिम भक्तीचें वर्णन केलें, तिचाच हा मार्ग. व्यवहारांतला दाखला द्यावयाचा तर, आई आणि लेंकरूं यांचें रक्त एक आहे हें दोघांस ठाऊक असतें. म्हणून लेंकरानें आईस हांक मारूं नये असें होत नाहीं. तें एकपण आहे म्हणूनच हांकेंत गोडी आहे. द्वैत खरें मानल्यामुळें जें प्रेम उत्पन्न होतें त्यांत भय आणि अपेक्षा असते. अद्वैत जाणून जें प्रेम राहतें त्यांत मागणेंच उरत नाहीं.

महाराजांचा कान केवळ संस्कृताकडेच लागलेला नव्हता. त्या काळीं इंग्रजी शिकलेल्या तरुणांत डार्विन आणि स्पेन्सर यांच्या मतांची मोठी चर्चा असे. महाराजांनीं तीं मतें समजून घेतलीं आणि त्यांवर आक्षेपही घेतले. आर्य हे बाहेरून आले हें मतही त्यांस मान्य नव्हतें. आजच्या जीवशास्त्रज्ञास त्यांचे उत्क्रांतिवादावरील आक्षेप पटणार नाहींत, आणि ते पटलेच पाहिजेत असा आमचाही आग्रह नाहीं. आम्हांस महत्त्व वाटतें तें रीतीचें. परक्याचें मत आधीं पूर्णपणें ऐकून घ्यावें, मग उत्तर द्यावें, हा पूर्वपक्षाचा नियम त्यांनीं पाळला. न वाचतांच खंडन करणारे डोळस पंडित त्या काळींही होते आणि आजही आहेत.

हें सारें कार्य किती अल्प आयुष्यांत घडलें पहा! २० सप्टेंबर १९१५ रोजीं पुणें येथें महाराजांनीं देह ठेविला. वय अवघें चौतीस वर्षांचें. त्यांच्या मागें त्यांची वाणी विखुरली नाहीं, याचें श्रेय शिष्यांस. त्यांनीं उतरवून घेतलेलें जपलें, आणि पुढें 'सूक्तिरत्नावली' या मालेंत तें प्रसिद्ध झालें. पट्टशिष्य बाबाजी महाराज पंडित यांनीं स्वतः ज्ञानेश्वरीवर 'गूढार्थदीपिका' लिहिली. म्हणजे श्रवणाच्या या तपश्चर्येंत फळ एकट्या ऐकणारासच मिळालें असें नाहीं. जे जवळ बसले, ज्यांनीं वाचलें आणि लिहिलें, तेही त्या विद्येचे वांटेकरी झाले.

हीच गोष्ट आम्हांस आपल्या घरांसंबंधीं सांगावीशी वाटते. पूर्वीं चातुर्मासांत माजघरांत पोथी लागे. एकजण वाची आणि दहाजण ऐकत. ज्यांस अक्षरओळख नव्हती त्या वृद्ध स्त्रियाही त्यामुळें बहुश्रुत होत. आज घरांत प्रत्येकास वाचतां येतें, आणि प्रत्येकजण आपापल्या कोपऱ्यांत, आपापल्या हातांतील फोनवर, मुकाट्यानें वाचतो. मोतीबिंदूनें वा वार्धक्यानें ज्यांची दृष्टि मंदावली ते आजोबा किंवा आत्याबाई तेवढ्या मध्यें बसून राहतात. यंत्र आतां मोठ्यानें वाचून दाखवितें, आणि ती सोय लहान नव्हे. ज्यांस कोणी नाहीं त्यांस तर ती वरदानच आहे. परंतु यंत्र वाचून शहाणें झाल्यानें घरांतला नातू शहाणा होत नाहीं. आमच्या अध्यापनांत आम्हांस वारंवार असें दिसून आलें कीं, जो मुलगा दुसऱ्यास धडा वाचून दाखवी त्याचाच धडा पक्का होई. कारण ऐकणारानें 'थांब, याचा अर्थ काय?' असें विचारलें कीं त्यास विचार करावाच लागे.

म्हणून दिवेलागणीनंतर अर्धा तास तरी घरांतील एका लहानानें एका मोठ्यास कांहीं वाचून दाखवावें. ग्रंथ ज्ञानेश्वरी असो, इतिहास असो किंवा त्या दिवसाचें वर्तमानपत्र असो. महाराजांसारखी प्रज्ञा प्रत्येक घरीं अवतरेल असें नाहीं. पण ज्याच्या डोळ्यांपुढें अंधार आहे त्याच्यापर्यंत शब्द पोंचविणारा एक तरी कंठ प्रत्येक घरीं आहे. माधानच्या त्या मुलाजवळ असा कोणी कंठ बसला नसता, तर महाराष्ट्र एका आचार्यास मुकला असता.