निमखाऱ्या पाण्यातला छोटा केंड

कोकणात मच्छीमारांची जाळी फाडणारा म्हणून केंड मासा कुप्रसिद्ध आहे. त्याचाच आग्नेय आशियातील एक चिमुकला भाऊबंद म्हणजे 'फिगर एट पफर'. जेमतेम सात-आठ सेंटिमीटर लांबीचा हा मासा दुकानात पुष्कळदा गोड्या पाण्यात ठेवलेला असतो आणि हौशी माणसाची फसगत तिथेच होते. खाडीतोंडाशी वावरणाऱ्या या माशाला निमखारे पाणी अधिक मानवते. (केरळ-कर्नाटकातील नद्यांचा मटार पफर मात्र पूर्णपणे गोड्या पाण्यातला; त्याच्या टाकीत मीठ नको.)

साताऱ्याला कासचे पाणी, सांगलीला कृष्णेचे, दोन्ही गोडी. स्वयंपाकघरातले मीठ टाकून ती निमखारी होत नाहीत, कारण समुद्राच्या पाण्यात मॅग्नेशियम, कॅल्शियम आणि इतरही क्षार असतात. मिरज-वाळवा भागांतील क्षारपड जमिनीतल्या विहिरीचे मचूळ पाणी आयतेच उपयोगी पडेल, हाही भ्रम. त्यातील क्षारांचे प्रमाण समुद्राशी जुळत नाही. मत्स्यालयासाठी तयार मिळणारे सागरी मीठच घ्यावे. क्लोरीन घालवलेल्या पाण्यात ते लिटरला सात-आठ ग्रॅम आधी बादलीत विरघळवावे आणि हायड्रोमीटरवर घनता १.००५ च्या आसपास आली की मगच टाकीत ओतावे.

एका माशाला किमान ६० लिटरची टाकी हवी. तळाशी शिंपल्यांचा चुरा पसरल्यास पाणी आम्लधर्मी होत नाही. मासा आणण्याची घाई मात्र नडते. विष्ठेतून होणारा अमोनिया आधी नायट्राइट व मग नायट्रेटमध्ये बदलणारे जिवाणू गाळणीत रुजायला चार ते सहा आठवडे लागतात. अमोनिया व नायट्राइट शून्यावर येईपर्यंत टाकी रिकामीच ठेवावी.

पफरचे चार दात जुळून पोपटासारखी चोच बनते आणि ती जन्मभर वाढते. कठीण कवच फोडायला मिळाले नाही, तर ती इतकी वाढते की तोंड मिटत नाही आणि मासा उपाशी मरतो. म्हणून गोगलगायी, सालासकट कोळंबी द्यावी. उसाच्या शेतालगतच्या ओढ्यातील गोगलगायी मात्र टाळाव्यात. त्यांत कीटकनाशकाचा अंश असू शकतो. फुगलेला पाहण्यासाठी माशाला डिवचणे हा निव्वळ छळ आहे.

उन्हाळ्यात टाकीतले पाणी झपाट्याने आटते, पण मीठ मागेच राहते. अशा वेळी आटलेल्या पाण्याची भर गोड्या पाण्यानेच घालावी. मिठाचे पाणी लागते ते दर आठवड्याला टाकीतील पाव हिस्सा पाणी बदलताना.