आधी साचा, मग रंग

जुनी गाडी घ्यायला निघालेला जाणकार माणूस खिशात लोहचुंबक ठेवतो. दाराच्या खालच्या कडेला, मडगार्डच्या कमानीला, डिकीच्या कोपऱ्याला तो टेकवून बघतो. चुंबक सुटला की समजायचं, इथे पत्रा गेलेला आहे आणि पुट्टी भरलेली आहे. फायबरग्लासची गाडी पुढ्यात आली की ही परीक्षाच बाद होते. चुंबक कुठेच धरत नाही, गंज औषधालाही सापडत नाही, आणि पत्र्यावर मुरलेली नजर गोंधळते. मग दोन मतं ऐकू येतात. एक, ‘फायबर म्हणजे प्लास्टिकच, कसंही कापा, कसंही भरा.’ दुसरं, ‘फायबर सडत नाही, रंग मारला की झालं.’ दोन्ही मतांनी गाड्यांचं नुकसानच केलं आहे. माझं म्हणणं असं, की फायबरच्या गाडीचं मूळपण तिच्या द्रव्यात कमी आणि आकारात जास्त असतं. तो आकार ज्या साच्यातून निघाला तो साचा बहुतेक वेळा हरवलेला असतो. म्हणून अशा गाडीवर कटर चालवण्याआधी, किंबहुना जुना रंग घासण्याच्याही आधी, तिचा साचा घेऊन ठेवणं हे पुनरुज्जीवनाचं पहिलं काम आहे. आणि त्यासाठी लागणारं कसब महाराष्ट्रात एका गावात शोधायचं झालं, तर ते कोल्हापुरात सापडेल.

मुळात मोटारीत फायबर आलं ते हिशेबापोटी. पोलादी मडगार्ड दाबून काढायचं तर प्रेसला जड डाय लागतात आणि त्यांचा खर्च हजारो गाड्यांवर पसरला तरच परवडतो. थोड्या गाड्या काढणाऱ्याचं मात्र लाकूड-प्लास्टरचा एक नमुना, त्यावरून उतरवलेला साचा, काचतंतूंची मॅट आणि रेझिनचं पिंप एवढ्यावर भागतं. जनरल मोटर्ससारख्या बलाढ्य कंपनीनेही १९५३ साली कॉर्व्हेट काढली तेव्हा पहिल्या वर्षी फक्त ३०० गाड्या बांधल्या. त्याही मिशिगनमधल्या फ्लिंट गावी, बऱ्याचशा हाताने. सगळ्या बाहेरून पांढऱ्या आणि आतून लाल. १९५७ मध्ये इंग्लंडच्या लोटसने एलीट दाखवली. तिला वेगळी चासीच नव्हती, फायबरचं कवच हाच सांगाडा. आपल्याकडे बंगळूरच्या सिपानीने १९८२ मध्ये ब्रिटिश रिलायंट किटनवर बेतलेली डॉल्फिन आणली. हलकी म्हणून ती रॅलीत चमकली आणि फायबरची म्हणून गिऱ्हाइकाने तिच्यावर भरवसा ठेवला नाही. पुढच्याच वर्षी मारुती आली आणि विषय संपला.

कोल्हापूरला जवळची म्हणावी अशी फायबरची स्पोर्ट्स कार घाटाखाली, गोव्यात तयार झाली: सॅन स्टॉर्म. औद्योगिक रेल्वे इंजिनं बांधणाऱ्या बंगळूरच्या सॅन कंपनीचं हे धाडस. आखणी फ्रेंच, इंजिन रेनोचं ११४९ सीसीचं, ताकद साधारण ६० अश्वशक्ती, दोन दारं, दोन सीट, वर दुमडता कापडी टप आणि सगळं अंग फायबरचं. नव्वदच्या दशकाच्या अखेरीला ती रस्त्यावर आली, मोजक्याच लोकांनी घेतली आणि उत्पादन थांबलं. ६० अश्वशक्तीला स्पोर्ट्स कार म्हणावं का, यावर नाक मुरडणाऱ्यांनी खुशाल मुरडावं. पण घडवणीच्या दृष्टीने ती आपल्या भागातली दुर्मीळ वस्तू आहे. तिच्या दुर्मीळपणाची गंमत अशी, की इंजिन दुर्मीळ नाही. त्याच घराण्याचं इंजिन रेनोच्या ट्विंगो आणि क्लिओ या युरोपभर खपलेल्या गाड्यांत होतं; गॅस्केट, बेअरिंग, पंप मागवता येतात. पुढचं नाक, बॉनेट, डिकीचं झाकण मात्र जगातल्या कुठल्याही दुकानात मिळणार नाही. पद्मिनीच्या मालकाला ही अडचण नसते. तिची मडगार्डं जुन्या बाजारात मिळतात, आणि नाहीच मिळाली तर चांगला डेंटर पत्रा ठोकून तसं मडगार्ड उभं करतो. फायबर ठोकून वळवता येत नाही. त्याला साचाच लागतो.

फायबरची बॉडी थराथराने समजून घेतली पाहिजे, कारण चुका तिथेच होतात. साच्याला आधी मेणाचे हात देतात, त्यावर पॅनेल सुटावं म्हणून पीव्हीएचा पातळ थर. मग जेलकोट, जेमतेम अर्धा मिलिमीटर. तो चिकटसर असतानाच मागून पॉलिएस्टर रेझिनमध्ये भिजवलेली मॅट बसवतात, चौरस मीटरला ३०० किंवा ४५० ग्रॅम वजनाची, थरावर थर, रोलरने हवा काढत. रेझिन घट्ट होतं ते कोबाल्ट आणि हार्डनर यांच्यामुळे. हार्डनर एक-दोन टक्केच, आणि कोबाल्ट रेझिनमध्ये पुरतं मिसळून झाल्यावरच घालायचा. ही दोन द्रव्यं थेट एकमेकांत पडली तर भडका उडतो. कामाला आलेल्या पोराला ही गोष्ट पहिल्या दिवशी सांगितली गेली पाहिजे. साच्यातून पॅनेल सुटतं तेव्हा त्याचा जो गुळगुळीत चेहरा दिसतो तो जेलकोटचा. मागची बाजू खरखरीत, तंतू दिसणारी, काम करणाऱ्याच्या हाताची लय सांगणारी.

आता बिघाड पाहू. वीस-पंचवीस वर्षांत बिजागरीच्या बोल्टभोवती, चाकाच्या कमानीवर, जिथे कुणी रेलून बसतं त्या कडेवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक चिरा उमटतात. नेहमीचं डेंटिंग-पेंटिंगचं गॅरेज त्यावर पुट्टी ओढतं, घासतं, प्रायमर मारतं. दोन पावसाळे सरायच्या आत त्याच चिरा नव्या रंगातून वर येतात. चीर पुढे दिसत असली तरी दुखणं मागे असतं: तिथे पॅनेल लवतंय, थर पातळ आहे किंवा बोल्टखाली आधार नाही. म्हणून दुरुस्ती मागून सुरू करायची. मागचा भाग कोरडा करून, घासून तिथे मॅटचा थर वाढवायचा आणि मग पुढून चीर उघडून भरायची. पॅनेल आरपार फाटलं असेल तर भोकाची कड जाडीच्या बारा पट रुंद अशी उतरती करायची. तीन मिलिमीटरच्या पॅनेलला सुमारे ३६ मिलिमीटरचा उतार. हे पाहून मालक हबकतो, ‘एवढंसं भोक आणि एवढं कापलंत?’ पण जोड टिकतो तो त्या उतारावरच. कित्येक वर्षांपूर्वी पक्कं झालेलं पॉलिएस्टर नव्या रेझिनशी रासायनिक सोयरीक करत नाही, नवा थर जुन्याला नुसता धरून राहतो. म्हणून जोडाला इपॉक्सी जास्त भरवशाचं. मात्र इपॉक्सीवर नंतर पॉलिएस्टरचा जेलकोट नीट बसत नाही, तेव्हा वरचा चेहरा कशाने करायचा हे आधीच ठरवावं लागतं. पत्र्यावर चालणारा रंग काढायचा स्ट्रिपर इथे रेझिनलाही मऊ करतो, त्यामुळे जुना रंग हातानेच घासावा लागतो. खरा धोका या घासण्यात आहे. प्रत्येक रंगकामात पॉलिश पेपर कडा थोडी गोल करतो, दाराशेजारची रेघ थोडी बोथट करतो. तिसऱ्या रंगानंतर गाडी चकाचक दिसते, पण तिचा मूळ आकार निघून गेलेला असतो. गंजाने पत्रा खाल्ला की भोक तरी दिसतं; इथे काहीच दिसत नाही.

कोल्हापूरचा संबंध इथे येतो. शिवाजी उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव इथल्या फाउंड्र्यांनी देशभरच्या गाड्यांना ओतीव भाग पुरवले. ओतकामाच्या मुळाशी पॅटर्नमेकर असतो, आणि त्याच्या धंद्याचं गणित साच्याचंच. ओतीव लोखंड थंड होताना सुमारे एक टक्का आकसतं, म्हणून पॅटर्न तेवढा मोठा करायचा. तो वाळूतून अलगद सुटावा म्हणून उभ्या बाजूंना थोडा उतार द्यायचा. जिथे आकार आत वळतो तिथे पॅटर्न दोन तुकड्यांत करायचा. फायबरच्या साच्याला हेच तीन प्रश्न विचारावे लागतात. रेझिनही पक्कं होताना आकसतं. उतार नसेल तर पॅनेल साच्यात अडकतं. आणि गाडीचं नाक खालून आत वळलेलं असल्यामुळे त्याचा साचा दोन-तीन भागांतच घ्यावा लागतो, मधे बोल्टने आवळायच्या पाकळ्या ठेवून. दुसरी परंपरा शिल्पकारांची. परदेशी कॅमेऱ्यावाचून न अडता कॅमेरा इथेच घडवून चित्रपट काढणारे बाबूराव पेंटर शिल्पकारही होते, आणि मातीकाम, प्लास्टरचा तुकड्यांचा साचा आणि त्यातून ओतीव किंवा फायबरचा पुतळा हा क्रम या गावाला पिढ्यांपासून ठाऊक आहे. झिजलेली कड माती लावून पुन्हा उभी करणं आणि ती उजेडात तिरपी पाहून पारखणं हे शिल्पकाराचं काम. पॅटर्नमेकरला मापाची शिस्त असते, शिल्पकाराला वळणाची नजर, आणि गाडीच्या बॉडीला दोन्ही लागतात. आज ही माणसं एका छपराखाली काम करत नाहीत, हेही तितकंच खरं. गाडी जाते ती रंगाऱ्याकडे, आणि पॅटर्नवाल्याला कुणी विचारत नाही.

यावर पहिला आक्षेप येईल तो थ्रीडी स्कॅनरचा: काही तासांत संगणकावर आकार उतरत असताना साचा घेण्याचा उपद्व्याप कशाला? स्कॅन जरूर करावा. पण तो गाडीची आजची अवस्था टिपतो, बसलेल्या दारासकट आणि वाकलेल्या नाकासकट. डावी बाजू उजवीशी ताडून पाहायला तो फार उपयोगी आहे, पण त्या आकड्यांवरून पॅनेल काढायचं तर शेवटी सीएनसीवर पॅटर्न कोरून साचाच करावा लागतो. शिवाय जेलकोटचा पोत आणि कडेची धार मेण लावून घेतलेला साचा थेट उचलतो. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: साचा हाती आला की लोक मूळ पॅनेल फेकून नवं लावतील, मग ती गाडी मूळ कशी राहील? भीती रास्त आहे. कॉर्व्हेटचे जाणकार पॅनेल एकमेकांना जोडणाऱ्या मूळ पट्ट्या मागून शाबूत आहेत का हे पाहतात, ते उगाच नाही. फायबरच्या मागच्या बाजूला कारखान्याची सही असते आणि ती जपलीच पाहिजे. मी साच्याला आकारात आलेलं मूळपण म्हणतो तेव्हा जुनं कवच टाकाऊ ठरवत नाही. उलट साचा जवळ असला की जुनं पॅनेल घाईने कापावं लागत नाही. अपघात झाला तर त्याच आकाराचा तुकडा काढून फक्त फुटलेल्या जागी जोडता येतो. राहिला नकलेचा प्रश्न. भारतात डिझाइनची नोंदणी असली तरी तिचं संरक्षण जास्तीत जास्त १५ वर्षं असतं. स्वतःच्या जुन्या गाडीच्या दुरुस्तीसाठी साचा घेताना त्यापायी संकोचायचं कारण नाही. नवी गाडी बांधून तिच्यावर कंपनीचं नाव मिरवणं हा वेगळा गुन्हा.

आणि हौसेचे बदल? रुंद मडगार्ड, मागे पंख, नाकात मोठी जाळी? शुद्धतावाद्यांना हे पाप वाटतं. मला सरसकट तसं वाटत नाही. दसऱ्याला छत्रपतींची मेबॅक दसरा चौकात येते तेव्हा कोल्हापूरकर तिला मूळ, अस्सल म्हणून पाहतात. पण ती घडली त्या काळी मेबॅक कंपनी चासी आणि इंजिन द्यायची, बॉडी बाहेरच्या कोचबिल्डरकडून गिऱ्हाइकाच्या मर्जीने बांधून घेतली जायची. म्हणजे आज ज्याला आपण मूळ म्हणतो ते एकेकाळी मागणीनुसार केलेलंच काम होतं. फायबरमध्ये तर बदल मागे घेता येतील असे ठेवणं सोपं आहे: जुनं बॉनेट काढून गुंडाळून ठेवायचं, साच्यातून नवं काढायचं, आणि जाळी, फुगवटा, हवेची खाच जे काय करायचं ते त्या नव्यावर करायचं. मूळ कवचावर कटर चालवून केलेला बदल हा मात्र निव्वळ नासधूस आहे, मालक कितीही हौशी असो.

हौसेला कायद्याचीही चौकट आहे. मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम नोंदणीतल्या तपशिलांना छेद देणारे फेरफार करू देत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तीच भूमिका घेतली. २०२१ च्या विंटेज नियमांनुसार पन्नास वर्षांवरील खासगी गाडीला ‘व्हीए’ मालिकेचा क्रमांक मिळतो, पण गाडी मूळ स्वरूपात हवी. चासी, बॉडी शेल किंवा इंजिन यांत बदल करणारी मोठी दुरुस्ती झालेली नको. नियम लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे पत्रा असावा. फायबरच्या शेलला त्याच साच्यातला तुकडा जोडणं हा बदल की डागडुजी, याचं उत्तर नियमात नाही. ते शेवटी तपासणाऱ्यांवर अवलंबून राहील. अशा वेळी काम सुरू होण्याआधी घेतलेला साचा, मापं आणि फोटो हाच मालकाचा पुरावा.

पहिल्या स्टॉर्मना पन्नास वर्षं पूर्ण होतील ती २०४८ च्या आसपास. तोपर्यंत त्या पंधरा वर्षांनंतरच्या नेहमीच्या फेरनोंदणीवर, पाच-पाच वर्षांच्या टप्प्यांनी चालवाव्या लागतील, आणि दर टप्प्याला कुणीतरी ‘एकदा रंग मारून घ्या’ म्हणेलच. कुणाकडे अशी गाडी झाकून ठेवलेली असेल तर रंगाऱ्याकडे जाण्याआधी उद्यमनगरातला एखादा चांगला पॅटर्नमेकर गाठा. नाक, बॉनेट, डिकी आणि चारही कमानींचे साचे घ्या. साचा पॅनेलच्या दुप्पट जाड असू द्या आणि मागे फासळ्या घाला, नाहीतर तो वर्षभरात पिळतो. हे काम दिवाळीनंतर धरा आणि होळीपर्यंत उरका. कोल्हापूरच्या पावसाळ्यात मॅट ओल धरते आणि रेझिन नीट पक्कं होत नाही.