कोऱ्या पत्त्यांचा खेळ

मार्वेच्या धक्क्यावरून बोटीने खाडी ओलांडली की मनोरी गाव काही मिनिटांवर आहे. मात्र शेवटची बोट चुकली तर भाईंदर-उत्तनमार्गे लांबचा वळसा घालावा लागतो. या वळशाचे भय मनोरीकराच्या बोलण्यात सदैव डोकावते. येथील काही तरुणांसमवेत आम्ही उत्स्फूर्त विनोदाचा एक पत्त्यांचा खेळ रचावयास बसलो, तेव्हा पहिल्याच पत्त्यावर तेच भय उतरले: ‘शेवटची बोट सुटली आहे.’ असा खेळ कसा रचला जातो आणि तो कोठे फसतो, याविषयी आम्हांस जे उमगले ते वाचकांपुढे ठेवीत आहोत.

खेळाचा सांगाडा साधा आहे. पत्ते तीन प्रकारचे: पात्र, प्रसंग आणि अट. खेळाडूने प्रत्येकी एक पत्ता उचलायचा आणि उभे राहून छोटासा प्रवेश करून दाखवायचा. पात्र असेल ‘सुनेला बाटली मसाल्याचे प्रमाण न सांगणारी सासू’, प्रसंग शेवटच्या बोटीचा आणि अट ‘प्रत्येक वाक्यात एका माशाचे नाव यावे’. आम्ही 24 पात्रे, 24 प्रसंग व 12 अटी लिहिल्या. एकूण पत्ते 60. परंतु त्यांच्या जुळण्या होतात 6912. एवढ्या थोड्या कागदातून एवढे वैविध्य मिळते, म्हणूनच हा प्रकार घरोघरी करण्याजोगा आहे. जुन्या लग्नपत्रिकांचा जाड कागद आम्ही कापून घेतला. त्यांच्या पाठी निरनिराळ्या असल्याने पोरे पत्ते पाठीवरूनच ओळखू लागली, तेव्हा सर्वांवर एकाच रंगाचा कागद चिकटवावा लागला.

खरा प्रश्न पत्त्यावर काय लिहावे हा. आरंभी आमची चूक अशी झाली, की आम्ही पत्त्यावरच विनोद लिहीत होतो. लिहिताना आम्ही पोट धरून हसलो. खेळताना मात्र पत्ता वाचला की हशा आणि पाठोपाठ शांतता! उभ्या राहिलेल्या खेळाडूला करण्यासारखे काही उरतच नसे. अमेरिकेत 1999 साली आलेला ‘ॲपल्स टू ॲपल्स’ आणि 2011 सालचा ‘कार्ड्स अगेन्स्ट ह्युमॅनिटी’ हे खेळ छापील शब्दांच्या जुळणीवर चालतात. खेळाडू निवड करतो, रचना करीत नाही. उत्स्फूर्त खेळाची परंपरा निराळी आहे. शिकागोत स्थलांतरितांच्या मुलांसोबत काम करताना व्हायोला स्पोलिन यांनी नाट्यखेळ घडविले, 1963 साली त्यांवर ग्रंथ लिहिला. त्यांची पद्धत अशी, की मुलाला संवाद न देता सोडविण्यास एक अडचण द्यायची.

आपल्याकडे तर इतके दूर जाण्याचेही कारण नाही. सावंतवाडीत दशावतार पत्त्यांवरही आहे आणि रंगमंचावरही. तेथील दशावतारी गंजिफाचे गोल पत्ते 120, तर त्याच मुलखातील दशावतारी नाटकात लिखित संहिता परंपरेने नसते. कथा ठरते, संवाद नट जागच्या जागी बोलतात. आम्ही निम्मे पत्ते फाडून पुन्हा लिहिले. ‘विसराळू आचाऱ्याने सोरपोतेलात मीठाऐवजी साखर घातली’ याऐवजी नुसते ‘आचारी’. विसरायचे काय, ते खेळणाऱ्याने ठरवावे.

तरीही एक पत्ता आमच्या हातून तसाच राहिला. पात्र होते ‘तोतरा मासेविक्या’. लिहिणारे आम्हीच. तो पत्ता ज्या मुलाच्या हाती गेला, तो बोलताना अडखळतो, हे आम्हांस ठाऊक असूनही लिहिताना आठवले नाही. त्याने तिन्ही पत्ते पालथे ठेवले आणि तो ओसरीवर जाऊन बसला. आत कोणी हसले नाही, आणि त्या सायंकाळी खेळही पुढे गेला नाही.

सेमिनरीत असताना संत थॉमस अक्विनस यांचे खेळाविषयीचे विवेचन आम्ही परीक्षेपुरते वाचले होते. करमणूक मनाला विश्रांतीइतकीच आवश्यक आहे, असे मानून ते तीन मर्यादा घालतात: शब्द वा कृती असभ्य अगर कोणास इजा करणारी नसावी, मनाचा तोल सुटू नये, आणि व्यक्ती, काळ व स्थळ यांना ते शोभावे. तेराव्या शतकातील हा नियम आमच्या साठ पत्त्यांना लावून पाहिला. सात पत्ते गळाले. कोणाचे व्यंग, वर्ण, गरिबी यांवर बेतलेला पत्ता नको. स्वभाव आणि परिस्थिती चालेल.

दुसऱ्या दिवशी आम्ही त्या मुलाची क्षमा मागावयास गेलो. तो म्हणाला, “फादर, पत्त्याचं एवढं नाही. ते घड्याळ काढा.” प्रवेश जुळवायला आम्ही अर्ध्या मिनिटाची मुदत ठेवली होती. पत्त्यावर आम्ही रात्रभर विचार केला होता. घड्याळाकडे आमचे लक्षच गेले नव्हते.

घड्याळ काढले. आता खेळाडू पत्ते उताणे ठेवील तेव्हाच त्याचा प्रवेश सुरू होतो, आणि एक पत्ता कारण न सांगता बदलता येतो. पूर्वी एक परीक्षक विजेता ठरवी आणि तेच दोन बोलके खेळाडू जिंकत. त्याऐवजी प्रत्येकाला तीन चिंचोके दिले. खेळ संपेपर्यंत ते तीन वेगवेगळ्या व्यक्तींना द्यायचेच. गळालेल्या सात पत्त्यांच्या जागी कोरे पत्ते ठेवले, ज्याने त्याने भरावेत म्हणून.

पहिला कोरा पत्ता त्याच मुलाने भरला: ‘बोटीत सुटे पैसे नसलेले फादर’. तो आमच्याच वाट्याला आला, माशांच्या नावांच्या अटीसह. सुरमई, बोंबील, मांदेली इथपर्यंत आम्ही कसेबसे पोहोचलो. एकच चिंचोका मिळाला.