फ्लॅग पडला, पण ब्रेकर उघडला का?

वसई-विरारमध्ये वीज गेली की दोन प्रश्न ठरलेले असतात: कुठवर गेली आणि कधी येणार? बिघाड एकाच ठिकाणी होता, तर अंधार एवढ्या दूरवर का पसरला, हा तिसरा प्रश्न फारसा कुणी विचारत नाही. वसई, नवघर-माणिकपूर, नालासोपारा आणि विरार या चार नगरपालिका व आसपासची गावे मिळून ३ जुलै २००९ रोजी इथे महानगरपालिका झाली. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या बारा लाखांवर गेली होती. वालीव, सातिवली, गोखिवरे, नवघर इथले औद्योगिक गाळे आणि त्यांना खेटून उभ्या राहिलेल्या चाळी-इमारती, असे हे शहर वाढले. त्यामुळे २२ केव्हीच्या एकाच फीडरवर कारखान्याचे रोहित्र आणि वस्तीचे रोहित्र शेजारी-शेजारी येणे ओघानेच आले. कारखान्याच्या रोहित्रात शॉर्ट सर्किट झाले, तर त्याच कारखान्याचा ब्रेकर साधारण सेकंदाच्या दहाव्या हिश्शात उघडावा आणि शेजाऱ्याचा दिवा फार तर एकदा मिचकावा, अशी अपेक्षा असते. तो उघडला नाही, तर काही दशांश सेकंदांनी उपकेंद्रातला ब्रेकर उघडतो आणि अख्खा फीडर अंधारात जातो. या दोन शक्यतांमधला फरक बऱ्याचदा तळहाताएवढ्या एका पेटीवर अवलंबून असतो. सहायक ट्रिप रिले हे तिचे नाव. या लेखाचे म्हणणे एवढेच आहे की संरक्षणावरचा आपला पैसा आणि लक्ष साखळीच्या पहिल्या कडीवर खर्च होते, आणि साखळी तुटते ती शेवटच्या कड्यांपाशी.

आधी ही साखळी पाहू. करंट ट्रान्सफॉर्मर प्रवाह मोजतो आणि मुख्य रिले त्यावरून बिघाड ओळखतो. मुख्य रिलेने काँटॅक्ट बंद केला की सहायक रिलेच्या कॉइलला बॅटरीची वीज मिळते आणि साधारण दहा मिलिसेकंदांत तो आपले चार-सहा काँटॅक्ट एकदम हलवतो. एक काँटॅक्ट ब्रेकरच्या ट्रिप कॉइलला वीज देतो, दुसरा हूटर वाजवतो, तिसरा ब्रेकर पुन्हा चढवण्याचा मार्ग अडवतो. समोरचा छोटा फ्लॅग पडतो आणि पॅनेलवर काय घडले याची खूण राहते. यातलाच एक प्रकार लॉकआउट रिलेचा. पॅनेलच्या नकाशावर त्याला ८६ हा आकडा असतो आणि कामगारांच्या तोंडी तो ‘मास्टर ट्रिप’ असतो. कुणीतरी पॅनेलपाशी जाऊन हाताने रिसेट केल्याशिवाय तो मागे हटत नाही. हा हट्ट मुद्दाम ठेवलेला आहे, कारण जळालेल्या रोहित्रावर घाईने पुन्हा वीज सोडण्याचा मोह माणसाला होतोच. मुख्य रिलेने थेट ट्रिप कॉइल का चालवू नये, असे कुणी विचारील. ट्रिप कॉइल म्हणजे लोखंडी गाभ्यावरचे वेटोळे; डीसीचा असा प्रवाह तोडताना ठिणगी ओढली जाते आणि नाजूक काँटॅक्ट जळतात. तो मार सहायक रिले आपल्या अंगावर घेतो.

बुखहोल्झ रिलेचे उदाहरण घेतले की हे नीट कळते. रोहित्राची टाकी आणि वरचे कॉन्झर्व्हेटर यांच्यामधल्या नळीत तो बसवलेला असतो. आत हळूहळू वायू साठला की वरचा फ्लोट खाली येऊन अलार्म देतो. मोठ्या बिघाडाने तेलाचा लोंढा आला की खालचा भाग ट्रिपचा काँटॅक्ट जोडतो. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१० च्या सुरक्षा नियमांनी १००० केव्हीए व त्यावरील रोहित्रांना असे अलार्म-ट्रिपचे वायुदाब संरक्षण सक्तीचे केले होते. २०२३ मध्ये त्या नियमांची जागा नव्या नियमांनी घेतली. मोठ्या गाळेधारकांच्या आवारात या क्षमतेची रोहित्रे असतात. पण लोंढ्याने जोडलेला काँटॅक्ट क्षणभरच टिकतो, थरथरतोही. तो क्षण पकडून धरायचे आणि ब्रेकरपर्यंत पोचवायचे काम सहायक रिलेचे. तोच अडकलेला असेल, तर नियम कागदावर पाळला गेला आणि रोहित्र मात्र जळाले, असे होते.

ही भीती पुस्तकी नाही. १३ जुलै २०१९ रोजी न्यूयॉर्कच्या मॅनहॅटन भागात सुमारे ७२ हजार ग्राहकांची वीज गेली. सुरुवात १३ केव्हीच्या एका केबलच्या बिघाडाने झाली होती, म्हणजे आपल्या २२ केव्हीपेक्षाही खालच्या पातळीवर. वीज कंपनीच्या चौकशीत आढळले की एका उपकेंद्रात काही सेन्सर आणि संरक्षक रिले यांच्यामधली जोडणीच सदोष होती. त्यामुळे बिघाड जागच्या जागी तुटला नाही आणि वर चढत गेला. उलट बाजूचे उदाहरण आपल्याच देशातले आहे. ३० आणि ३१ जुलै २०१२ रोजी बीना-ग्वाल्हेर ही ४०० केव्हीची वाहिनी प्रत्यक्ष बिघाड नसताना, भार वाढल्यामुळे रिलेने तोडली आणि त्यानंतर ग्रिड कोसळले. दुसऱ्या दिवशीच्या अंधारात साठ कोटींहून अधिक लोकसंख्येचा प्रदेश सापडला. एका ठिकाणी रिलेने तोडायला हवे होते ते तुटले नाही, दुसऱ्या ठिकाणी तोडायला नको होते ते तुटले. संरक्षणाची परीक्षा या दोन्ही बाजूंनी होते. गफलत एकदा जोडणीत होती, एकदा सेटिंगमध्ये.

जोडणीचा विषय वसईत अधिक गंभीर होतो, कारण इथली हवा. पश्चिमेला समुद्र, दक्षिणेला वसईची खाडी, उत्तरेला वैतरणा आणि मधे मिठागरे. जुलै २०१८ मध्ये वसई-नालासोपारा पाण्याखाली असताना वीजपुरवठा बंद ठेवण्याची वेळ आली होती. पूर ओसरतो, पण खारट दमटपणा पॅनेलमध्ये वर्षभर मुक्कामाला असतो. म्हणून रिले बसवताना काही साध्या गोष्टींना इथे दुप्पट महत्त्व येते. रिलेची कॉइल बॅटरीच्या ऋण बाजूला आणि काँटॅक्ट धन बाजूला असावा. रिले निष्क्रिय असताना कॉइल धन विभवावर राहिली, तर ओल्या हवेत तिच्या केसाएवढ्या तांब्याच्या तारेचे क्षरण होते आणि एक दिवस ती तुटते. त्या दिवशी काहीच दिसत नाही. कळते ते बिघाडाच्या दिवशी. पेटीचे गॅस्केट शाबूत हवे, पॅनेलचा हीटर चालू हवा. रिले उभा सरळ बसवावा आणि दार आपटल्यावर हादरा बसेल अशा जागी बसवू नये. प्रत्येक वायरच्या टोकाला लग आणि क्रमांकाचा फेरूल हवा. डीसीची गळती जमिनीला एका ठिकाणी झाली तर चालून जाते, दोन ठिकाणी झाली की रिले आपोआप चालू शकतो. लांब केबलमध्ये साठलेला विद्युतभारही हलक्या रिलेला फसवतो. म्हणून अशा ठिकाणी जास्त शक्ती मागणारा रिले निवडतात आणि दहा मायक्रोफॅरडचा भारित कपॅसिटर त्यावर रिकामा करून, तो चालत नाही ना हे तपासतात.

एक हिशोब मात्र प्रत्येक मालकाने स्वतः करून पाहावा. पॅनेलपासून ब्रेकर शंभर मीटरवर आहे आणि जाऊन-येऊन दोनशे मीटर तांब्याची अडीच चौरस मिलिमीटरची वायर टाकली आहे, असे धरू. तिचा रोध साधारण दीड ओहम भरतो. बॅटरी ११० व्होल्टची आणि ट्रिप कॉइल बावीस ओहमची असेल, तर कॉइलपर्यंत १०३ व्होल्ट पोचतात, काळजी नाही. आता तीच वायर ठेवून ३० व्होल्टची बॅटरी आणि तीन ओहमची कॉइल घ्या. कॉइलच्या वाट्याला येतात जेमतेम २० व्होल्ट. डीसी ट्रिप कॉइलने नाममात्र दाबाच्या ७० टक्क्यांपर्यंत काम केलेच पाहिजे असे प्रमाण आहे. ३० व्होल्टचे ७० टक्के म्हणजे २१. बॅटरी पूर्ण भरलेली असतानाच आपण त्या रेषेच्या खाली आलो, मग बॅटरी बसल्यावर काय? इथे मुख्य रिले निर्दोष आहे, सहायक रिले निर्दोष आहे, बॅटरीही ठीक आहे. चूक वायरच्या जाडीत आहे आणि ती कुठल्याही एका उपकरणाच्या चाचणी अहवालात दिसणार नाही.

चाचणी म्हणजे काय, हे इथे स्पष्ट होते. टेबलावर आधी कॉइलचा रोध मोजायचा, मग डीसी दाब हळूहळू वाढवत रिले किती व्होल्टला उचलतो आणि कमी करत किती व्होल्टला सोडतो ते नोंदवायचे. टायमर लावून काळ मोजायचा, प्रत्येक काँटॅक्ट खरोखर जुळतो का, फ्लॅग पडतो का, रिसेट होतो का ते पाहायचे. कॅलिब्रेशन हा शब्द इथे जपून वापरावा. मुख्य आयडीएमटी रिलेला, म्हणजे प्रवाह जितका जास्त तितक्या लवकर चालणाऱ्या रिलेला, वक्ररेषा असते: सेटिंगच्या दुप्पट प्रवाहाला साधारण दहा सेकंद आणि दहापट प्रवाहाला तीन सेकंद, टाइम मल्टिप्लायर एक असताना. ती जुळवता येते. सहायक रिलेत जुळवण्यासारखे फारसे नसते. स्प्रिंग वाकवून आकडा ‘बसवणे’ ही दुरुस्ती नव्हे, तो रिले बदलावा. कॅलिब्रेट करायचे ते चाचणीचे यंत्र, आणि त्याचे प्रमाणपत्र चालू वर्षाचे आहे का हे आधी पाहायचे. यानंतर खरी परीक्षा येते. मुख्य रिलेला सेकंडरी इंजेक्शनने, म्हणजे चाचणीच्या यंत्रातून थेट रिलेत, प्रवाह द्यायचा, डीसी ७० टक्क्यांवर आणायची आणि ब्रेकर प्रत्यक्ष उघडतो का ते उभे राहून पाहायचे. दोन ट्रिप कॉइल असतील, तर दोन्ही वेगवेगळ्या.

याला तीन आक्षेप हमखास येतात. पहिला असा की आताचे न्यूमेरिकल (संगणकीय) रिले स्वतःच स्वतःवर नजर ठेवतात, मग ही जुनी पेटी कशाला? नजर ते ठेवतात, पण ती बहुतांशी स्वतःच्या टर्मिनलपर्यंत. पुढची सैल झालेली वायर किंवा अडकलेला लॉकआउट रिले त्यांना दिसत नाही. ट्रिप सर्किट सुपरव्हिजन लावले तर कॉइलची वाट अखंड आहे एवढे कळते. ब्रेकरची यंत्रणा गंजून जाम झाली आहे का, हे तेही सांगत नाही. दुसरा आक्षेप ग्राहकाचा: आधीच वीज जाते, त्यात चाचणीसाठी आणखी शटडाउन? पावसाळ्यापूर्वीच्या देखभालीसाठी पुरवठा बंद होतोच. टेस्ट प्लग आणि ट्रिप लिंकची सोय असलेल्या पॅनेलवर हे काम त्याच वेळेत बसते. ठरवून घेतलेला शटडाउन आणि भर पावसात अवचित आलेला अंधार यांची तुलना होऊ शकत नाही. तिसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे: कड्या वाढल्या की नको तेव्हा तोडण्याच्या शक्यताही वाढतात. हे खरे आहे. म्हणूनच सहायक रिले गरजेपुरतेच असावेत, एकाच्या काँटॅक्टवर दुसरा आणि दुसऱ्याच्या काँटॅक्टवर तिसरा अशी माळ लावू नये. पण कडी कमी करणे वेगळे आणि आहे ती न तपासणे वेगळे.

खर्चाचा मुद्दा उरतो. फीडरवरच्या एका ग्राहकाने चाचणी टाळली, तर त्याची किंमत शेजारच्या गाळ्याला, समोरच्या दवाखान्याला आणि मागच्या चाळीला मोजावी लागते. त्यामुळे हा मालकाचा खासगी हिशोब राहत नाही. उत्पादकाचे प्रमाणपत्र रिले कारखान्यातून निघाला त्या दिवशीचे असते. वसईच्या हवेत चार पावसाळे काढलेल्या रिलेबद्दल ते काहीच सांगत नाही. तेव्हा गाळेधारकांनी, मोठ्या गृहसंकुलांनी आणि त्यांच्या कंत्राटदारांनी पुढच्या मे महिन्यात अहवालात एक ओळ मागून घ्यावी: मुख्य रिलेपासून, ७० टक्के डीसी दाबावर, ब्रेकर प्रत्यक्ष उघडला, तारीख, वेळ, सही. ही ओळ नसलेला अहवाल स्वीकारू नये.